लेकीसोबत जिओकॅशिंग कुठून सुरू करायचं? आणि पुण्याला गेल्यावर काय?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला येऊन वर्ष झालं, नऊ वर्षांच्या लेकीला नुसतं डोंगर चढणं कंटाळवाणं वाटतं, शाळेतल्या मैत्रिणीकडून तिने जिओकॅशिंगचं नाव ऐकलंय. तर हा प्रकार नेमका काय, सुरुवात कशी करायची आणि डिसेंबरात पुण्याला गेल्यावर तिथेही करता येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी फार आनंदाने देते आहे, कारण तुम्ही नेमके या खेळाच्या माहेरीच राहायला आला आहात. पुण्याचं उत्तर 'हो, पण वेगळ्या तऱ्हेने' असं आहे. त्याकडे नंतर येते.

खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. आपण फोनवरच्या जीपीएसच्या मदतीने तिथवर जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच परत ठेवायचा. या डब्याला 'कॅश' म्हणतात. घरी आल्यावर साइटवर किंवा अॅपवर 'सापडला' अशी नोंद करायची, की झालं.

आता माहेराबद्दल. जीपीएस अमेरिकी लष्कराचं. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये २००० सालापर्यंत मुद्दाम गडबड घातलेली असायची, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनेही चुकू शकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० ला ती गडबड बंद झाली आणि लोकांच्या हातातली यंत्रं एका रात्रीत साधारण दहापट अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअरच्या सीडी, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक हवाबंद डबा असं सामान होतं. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. थोड्याच दिवसांत माइक टीग यांनी ती बादली शोधली, सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी Geocaching.com ही वेबसाइट काढली आणि आज जगभरात तीस लाखांहून जास्त कॅश आहेत. बीव्हरक्रीकची मूळ बादली आता नाही, पण त्या जागी एक फलक बसवलाय. पोर्टलंडहून तासाभराच्या आत तुम्ही तिथे पोचाल. लेकीला एकदा जरूर न्या, मात्र पहिल्याच दिवशी नको. आधी तिला दोन-चार डबे सापडू देत, मग त्या फलकाचं महत्त्व तिला आपोआप कळेल.

या खेळाची खरी गोडी शेवटच्या काही पावलांत आहे, आणि नव्या माणसाला ती बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. साइटवरचे आकडे अंश आणि मिनिटांत असतात, मिनिटाला तीन दशांश स्थळं. अक्षांशाचा शेवटचा आकडा एकने बदलला की जमिनीवर जागा १.८५ मीटर सरकते. वाचून वाटतं, फोन थेट डब्यावरच नेऊन उभा करेल. तसं होत नाही. मोकळ्या मैदानात फोन पाच मीटरचं वर्तुळ देतो. आपल्याकडच्या डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडांच्या गर्द रानात, त्यातून पाऊस पडून गेलेला असेल, तर बाण इकडून तिकडे फिरत राहतो आणि पंधरा मीटरचाही भरवसा नसतो. तिथे फोन खिशात टाकायचा. पुढचं काम डोळ्यांचं.

फॉरेस्ट पार्कसारख्या रानात उभं राहून बघा. पाच हजार एकरांहून मोठं जंगल, सगळीकडे स्वोर्ड फर्न (एक प्रकारचं नेचं), शेवाळ, पडलेली खोडं. पहिल्या मिनिटाला सगळं सारखंच हिरवं दिसतं. मग हळूहळू विसंगत गोष्टी दिसायला लागतात. एका खोडाच्या बुडाशी सहा-सात काटक्या एकमेकींना अगदी समांतर पडल्यात. झाडावरून गळणाऱ्या काटक्या अशा कधी पडत नाहीत, कुणीतरी त्या रचून ठेवलेल्या असतात. एका फर्नची पानं मुळाशी दबलीत, शेजारच्याची ताठ आहेत. दगडावरचं शेवाळ एका कडेला तुटलंय. या भागात शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या प्रचंड झाडांचे बुंधे अजून उभे आहेत, आणि त्यांच्यावर जमिनीपासून बऱ्याच उंचीवर आडव्या खाचा दिसतात. करवत चालवणारे लाकूडतोडे त्या खाचांत फळी अडकवून तिच्यावर उभे राहायचे, कारण बुडाशी झाड फारच जाड असायचं. अशा खाचेत डबा अगदी छान बसतो. आणि डबा शोधता शोधता लेक विचारते, "आई, या भोकात पाय कोण ठेवायचं?" डोंगरावरची कुठलीही माहितीपाटी तिच्याकडून हा प्रश्न काढू शकली नसती. माझ्या मुलाचं जंगलाशी नातं असंच जुळलं. त्याला चालायला लावण्यासाठी आमिष लागायचं ते बंद झालं, आणि झाडांची नावं तो मला सांगायला लागला.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की तुम्हाला डबा आधी दिसला तरी गप्प बसा. बाजूला उभे राहा, हवं तर 'गरम, थंड' म्हणा, पण तिला तो स्वतः सापडू द्या.

सुरुवातीचा डबा मात्र नीट निवडा. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड आणि दुसरा तिथवर पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच. दोन्ही दीडच्या आत असलेला घ्या. आकार 'रेग्युलर' किंवा निदान 'स्मॉल' बघा. 'मायक्रो' म्हणजे अगदी छोटी डबी किंवा नळी, आत फक्त कागदाची सुरळी. मुलांचा त्यात विरस होतो. मोठ्या डब्यात किल्लीची साखळी, रबरी डायनासोर, गोट्या असली अदलाबदलीची चिल्लर असते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्या चिल्लरीचं केवढं अप्रूप असतं ते तुम्ही बघालच. नियम एवढाच, की एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा त्याहून चांगल्या मोलाची आपली ठेवायची. आम्ही छोटे गणपती, रंगीत बांगड्या ठेवतो. खाऊ अजिबात ठेवायचा नाही, वासाने जनावरं डबा फोडतात. पहिल्या बादलीत बीन्सचा डबा होता, आज तो नियमात बसला नसता. ती बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती, तेही आता चालत नाही. जमीन खणून काही लपवायचं नाही हा पक्का नियम आहे, तेव्हा कुदळ-खुरप्याचा विचारच नको.

निघण्याआधी शेवटच्या पाच-सहा नोंदी वाचा. लागोपाठ दोघा-तिघांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर डबा बहुधा गेलेला आहे, तो सोडा. गेल्या महिन्यात कुणाला सापडलाय आणि लोकांनी त्याला पसंती दिलीय, असा घ्या. सोबत एक सूचना असते, ती मुद्दाम सांकेतिक लिपीत असते. प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं असतं. अॅप ती एका टिचकीत उलगडतं, पण लेकीला कागद-पेन्सिल देऊन ती हाताने सोडवायला लावा. आमच्याकडे गाडीतला तेवढा वेळ त्यातच जायचा. फुकटच्या सदस्यत्वात सगळे डबे दिसत नाहीत, तरी सुरुवातीला भरपूर होतात. अँड्रॉइड असेल तर 'सी-जिओ' नावाचं मोफत अॅप आहे, त्यात माहिती आधीच उतरवून ठेवता येते. डोंगरात रेंज जाते तेव्हा ते उपयोगी पडतं.

पेन विसरू नका, डब्यात नसतंच. वही कधी जलरोधक कागदाची असते, कधी ओली होऊन लगदा झालेली. लगदा असेल तर सोबतचा कोरडा कागद आत ठेवा आणि मालकाला नोंदीतून कळवा. आम्ही नावं मराठीत लिहितो. एका डब्यात आमच्याआधी कुणीतरी देवनागरीत 'सापडला रे!' लिहिलेलं मिळालं, त्या दिवशी घरी परतेपर्यंत आम्ही त्याबद्दलच बोलत होतो. डबा सापडला नाही तरी तशी नोंद करा. डबा ठेवणाऱ्याला त्याच नोंदींवरून कळतं की जाऊन बघायला हवं.

वाटेत माणसं असतील तर ती जाईपर्यंत थांबा, त्यांच्या देखत डबा काढला की तो पुढे टिकत नाही. आणि ओरेगनमध्ये एक झाड मात्र लेकीला ओळखायला शिकवाच : पॉयझन ओक. तीन-तीन पानांचा झुपका, वसंतात चकचकीत, पुढे लालसर होत जाणारा. त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, आणि ते कपड्यांवर, कुत्र्याच्या केसांवर टिकून राहतं, म्हणून घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला टाका, हातपाय साबणाने धुवा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. बिळात, खोडाच्या पोकळीत हात घालण्याआधी काठी घालून बघा. गोचिडांसाठी कानामागे, गुडघ्यामागे नजर टाका.

आता पुणे.

नकाशावर भारतात कॅश दिसतील, पण इथल्यासारख्या गल्लोगल्ली नाहीत. त्यांतल्या कित्येकांची शेवटची नोंद जुनी असते, म्हणून जायच्या आधी तारीख बघा. डबे न टिकण्यामागे सबळ कारणंही आहेत. रेल्वे स्टेशनवर, देवळाच्या आवारात 'बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा' ही घोषणा ऐकत आपण मोठे झालो. तिथे खांबामागे चिकटवलेली डबी म्हणजे घबराट, आणि ते योग्यच आहे. गर्दीच्या जागी डबा ठेवू नका, आणि दुसऱ्या कुणी ठेवलेला असेल तर चारचौघांत त्याच्याशी झटापट करू नका. किल्ल्यांवर तर नकोच. आपले बरेचसे गड संरक्षित स्मारकं आहेत. रायगड, राजगड, लोहगड, शिवनेरी हे सगळे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बुरुजाचा दगड सरकवून मागे डबा लपवणं हा वारशाचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं. इथे अमेरिकेतही नॅशनल पार्कमध्ये डबे ठेवायला सहसा परवानगी नसते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं इथे ट्रेकर सर्रास वापरतात. भारतात ती विनापरवाना नेणं बेकायदा आहे, विमानतळावर लोकांना ताब्यात घेतलेलं आहे. ते यंत्र इथेच घरी ठेवून जा. फोनवरचं जीपीएस फक्त सिग्नल घेतं, त्याची काही अडचण नाही.

मग पुण्यात काय? या खेळात 'अर्थकॅश' नावाचा प्रकार आहे आणि सह्याद्रीसाठी तो अगदी चपखल आहे. त्यात डबाच नसतो. आकडे एखाद्या भूवैज्ञानिक जागेचे असतात, तिथे जाऊन नीट बघायचं आणि निरीक्षणावरच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. त्या जागेवर अधिकृत अर्थकॅश नोंदलेली नसली तरी काही बिघडत नाही, प्रश्न तुम्हीच काढा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. वेताळ टेकडीच्या जुन्या दगडखाणीत लेकीला तो कातळ हात लावून बघू द्या. दगडात बारीक पोकळ्या दिसतात का, त्यांत पांढरं काही भरलंय का? लाव्हातल्या वायूचे ते बुडबुडे, नंतर त्यांत खनिजं साचली. कोकणात उतरणार असाल तर घाटात गाडी थांबवून कड्यावरचे आडवे थर मोजायला सांगा.

माझी सगळ्यांत आवडती जागा निघोज. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले ते रांजणखळगे पुण्याहून एका दिवसात बघून येता येतात. आकडे तुम्ही आधी नकाशावरून काढून लेकीच्या हातात द्या आणि तिथवर तिलाच न्यायला लावा. पोचल्यावर प्रश्न : खळग्यांच्या भिंती गोल आणि गुळगुळीत का? तळाशी गोटे दिसतात का, आणि ते कसे आहेत, धारदार की घासलेले? भोवऱ्यात गरगरणाऱ्या त्याच गोट्यांनी हा कातळ कोरत नेला, हे उत्तर तुम्ही सांगू नका. गोटे आणि भिंत बघून ते तिला तिथे उभ्या उभ्या सुचू शकतं. तुम्ही डिसेंबरात जाताय ते बरंच आहे, पावसाळ्यात पाणी जोरात असतं. तरीही कडा निसरड्या असतात, खळगे खोल आहेत आणि आत पाणी साठलेलं असतं. चांगली पकड असलेले बूट घाला, कडेपासून मागे राहा आणि तिचा हात सोडू नका.