भाड्याचं घर आणि ओली भिंत

प्रश्न: ताई, आम्ही सिडकोत वन बीएचके भाड्याने घेतलंय, करार ११ महिन्यांचा. मालक म्हणतात खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही. हॉलच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे वॉलपेपर लावू का? बजेट पाचेक हजार.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अगं, वॉलपेपर अजिबात नको! ओल आतून येते, वरून काही चिकटवलं की ती कोंडते, मागे बुरशी धरते आणि काढताना रंगाचे पोपडे निघतात, मग डिपॉझिटमधून कापायला मालक मोकळे. आधी त्यांना फोटो व्हॉट्सॲप कर, गळती कुठून येतेय ते त्यांनी बघायला हवं. तोवर सोफा, कपाट त्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, हवा खेळू दे.

पैसे खरं तर लाइटवर घाल. आपल्याकडच्या ट्यूबचा उजेड बहुतेक ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड पांढरा), त्यात हॉल दवाखान्यासारखा दिसतो (माझं मत हां). कोपऱ्यात एक उभा लॅम्प, त्यात २७०० नाहीतर ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, ९ वॉटचा एलईडी बल्ब, बस.

पडद्यांना ड्रिल कशाला, खिडकीच्या चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, फक्त जड पडदे तो पेलत नाही, कॉटनचेच लाव. झाडं गंगापूर रोडच्या नर्सरीतून आण, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट, कमी उजेडातही तगतात. आणि हो, भिंतींचे तारखेसकट फोटो आत्ताच काढून ठेव, घर सोडताना वाद नको.