यावान आणि यवन

प्रश्न असा आहे : बायबलच्या उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात नोहाच्या वंशावळीत याफेथाचा एक मुलगा 'यावान' आहे. आपला 'यवन' शब्द त्याच्यावरून आला का?

त्याच्यावरून नाही, पण नातं सख्ख्या चुलतभावांचं आहे. दोघांचं मूळ एकच : आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक. त्यांच्या नावाचं जुनं रूप 'इयावोनेस'. क्रीट बेटावरच्या क्नोसॉस या प्राचीन राजवाड्यात मिळालेल्या मृत्तिकापट्टांवरही ते 'व'सकट सापडतं. पुढे ग्रीकांनीच हा 'व' गाळला आणि 'इओनेस' उरलं. हिब्रूने मात्र तो जपला. तिथे हे नाव य-व-न अशा तीनच अक्षरांत लिहितात आणि आजच्या हिब्रूतही ग्रीस म्हणजे 'यावान'च. आपल्याकडे हा शब्द बहुधा इराणमार्गे आला. इराणी सम्राट दारयवहुच्या (डरायसच्या) बेहिस्तून इथल्या शिलालेखात तो 'यौन' आहे, अशोकाच्या शिलालेखांत 'योन' आणि संस्कृतात 'यवन'. अरबी-फारसीतलं 'यूनान' याच कुळातलं, म्हणजे युनानी वैद्यकातलं 'युनानी'सुद्धा यवनाचं भावंडच.

आता माणसाबद्दल. यावान नावाच्या मूळपुरुषावरून लोकांना नाव मिळालं असं ती वंशावळ सांगते, पण झालंय उलटं. लोकांचं नाव आधी, बाप मागाहून. यावानाचे मुलगे बघा : अलीशा, तार्शीश, कित्तीम, दोदानीम. शेवटच्या दोघांतला 'ईम' हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय आहे. कित्तीम म्हणजे सायप्रसमधल्या कितिओन शहराचे लोक. मुलाचं नाव 'अमुकगावकर मंडळी' ठेवावं, तसला हा प्रकार. यावानाचा भाऊ मादय म्हणजे प्राचीन इराणातले मीड लोक. थोडक्यात, कोण कोणाच्या जवळचं हे त्या काळच्या माणसाने नकाशाऐवजी नात्यांत मांडलं आहे.

खुद्द ग्रीकांनीही हेच केलं. त्यांनी आपल्यासाठी 'इओन' नावाचा पूर्वज उभा केला, तो ग्रीकांचा मूळपुरुष मानलेल्या हेलेनचा नातू. आणि आपण तरी कुठे मागे राहिलो? महाभारताच्या आदिपर्वात ययातीच्या मुलांचे वंश सांगताना येतं, 'यदोस्तु यादवा जातास्तुर्वसोर्यवनाः सुताः'. यदूपासून यादव, तुर्वसूपासून यवन. परक्यांना घरात घ्यायचं, पण बापाची आज्ञा मोडणाऱ्या मुलाच्या शाखेत, ही त्यातली खोच मला फार आवडते.

रामायणाच्या बालकांडाची तऱ्हा आणखी मजेशीर. विश्वामित्राच्या सैन्याशी लढायला वसिष्ठांची शबला गाय जी फौज निर्माण करते, त्यात यवन तिच्या योनीतून आणि शक तिच्या शेणाच्या, म्हणजे 'शकृत्'च्या जागेतून निघतात. ही सरळसरळ ध्वनिसाम्यावरून रचलेली व्युत्पत्ती. अशा व्युत्पत्तीतून इतिहास काढू नये, पण परक्या नावाचा अर्थ लावायची हौस केवढी जुनी आहे ते कळतं.

एक सावधगिरी मात्र हवी. कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांत 'यवन' भेटले तर ते ग्रीक, निदान ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोक. मराठी बखरींत तोच शब्द मुसलमानांसाठी येतो. बखरीतल्या यवनाला यावानाच्या वंशावळीत बसवायला गेलात, तर फसाल.