गाठीतल्या पेशी ‘गुदमरतात’ का?

विचारणा अशी : कर्करोगाच्या गाठीतल्या ‘हायपॉक्सिया’ला मराठीत काय म्हणावं, आणि ‘गाठीतल्या पेशी गुदमरतात’ हे वाक्य चालेल का?

पहिलं सोपं आहे. संज्ञा हवी तर ‘ऑक्सिजनन्यूनता’, एरवी ‘ऑक्सिजनची कमतरता’. ‘अभाव’ नको, अभाव म्हणजे मुळीच नसणं, आणि त्यासाठी ‘अनॉक्सिया’ हा वेगळा शब्द आहे. ‘अल्पप्राणता’ सुचवायचा मोह मलाही झाला, पण ती जागा व्याकरणात क, ग, च, ज यांनी कधीच अडवली आहे.

घोळ क्रियापदात आहे. गुदमरणं म्हणजे जीव कासावीस होणं. पुढची पायरी मरणाचीच. गाठीत तसं सरसकट घडत नाही. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे ऑक्सिजन फारसा पोचत नाही. गाठ भराभर वाढली की आतल्या पेशी या हद्दीबाहेर पडतात. काही मरतातही, उरलेल्या मात्र सोय लावून घेतात. एचआयएफ-१ नावाचं प्रथिन एरवी तयार होताहोताच मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की ते साचतं, नव्या रक्तवाहिन्या मागवणारी जनुकं जागी करतं आणि पेशीला ऑक्सिजनवाचून ग्लुकोजवर भागवायला लावतं. पेशींना ऑक्सिजनची पातळी कशी कळते, हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. तेव्हा कर्कपेशी ‘तगते’ किंवा ‘निर्ढावते’ म्हणा. किरणोपचारालाही ती अशा वेळी सहजी दाद देत नाही, म्हणून ‘निर्ढावते’ मला जास्त पटतं.

गाठीत शिरलेल्या टी-पेशींची, म्हणजे कर्कपेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची, गोष्ट निराळी. ग्लुकोज कर्कपेशींनी आधीच पळवलेलं, ते ऑक्सिजनवाचून वापरताना तयार झालेलं लॅक्टिक आम्ल भोवती साठलेलं, त्यात एचआयएफ-१मुळे कर्कपेशींवर पीडी-एल१ हे प्रथिन वाढतं आणि ते टी-पेशींना आवरतं घ्यायला लावतं. त्या असतात, पण मारायची धमक उरत नाही. शास्त्रज्ञ याला टी-पेशींचं ‘थकणं’च म्हणतात, मी ‘मरगळतात’ लिहीन.

म्हणजे वाक्य असं होईल : ‘ऑक्सिजन कमी पडला की कर्कपेशी निर्ढावतात आणि टी-पेशी मरगळतात.’

जाता जाता : ‘ऑक्सिजन’चा मूळ ग्रीक अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. गाठीत मात्र तो कमी पडतो तिथेच आम्ल वाढतं.