करिअर आणि प्रशिक्षणाची सगळी माहिती एकाच सरकारी संकेतस्थळावर आणायची असेल, तर रचना कशी करावी?

उत्तर : पहिली चूक म्हणजे खात्यांप्रमाणे मेनू करणं. दहावी झालेल्या मुलीला 'व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय' शोधायचं नसतं, तिला विचारायचं असतं, "इलेक्ट्रिशियन व्हायला काय लागतं?" त्या एका पानावर सगळं हवं : आयटीआयचा हा ट्रेड 2 वर्षांचा, पात्रता, जवळची संस्था, शुल्क, शिष्यवृत्ती, पुढे अप्रेंटिसशिप (कारखान्यात काम करत शिकणं). आज यासाठी तिला आयटीआय प्रवेशाचं पोर्टल, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि अप्रेंटिसशिपचं पोर्टल अशी वारी करावी लागते. प्रत्येक दारी नवी नोंदणी, नवा पासवर्ड!

एकत्रीकरण आपल्याकडे झालंच नाही असं नाही. रोजगार, कौशल्य आणि स्वयंरोजगार अशी तीन पोर्टलं एकत्र करून राज्य सरकारचं 'महास्वयम्' आलं. केंद्राचं नोकरी शोधण्याचं पोर्टल 'नॅशनल करिअर सर्व्हिस' 2015 पासून आहे, 2023 मध्ये केंद्राचंच कौशल्य प्रशिक्षणाचं स्किल इंडिया डिजिटल हबही आलं. म्हणजे 'एकच खिडकी' म्हणता म्हणता खिडक्याच वाढल्या.

ब्रिटनने 2012 मध्ये गव्ह डॉट यूके हे सरकारी सेवांचं एकच संकेतस्थळ सुरू करताना डायरेक्टगव्ह (नागरिकांसाठीचं) आणि बिझनेस लिंक (उद्योगांसाठीचं) ही जुनी स्थळं बंद केली. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. जुनं बंद करायची तयारी नसेल तर नवं बांधू नका.

बाकी, मजकूर आधी मराठीत लिहा, नंतर भाषांतर करा. आणि महत्त्वाची माहिती पीडीएफमध्ये कोंबू नका. स्वस्त मोबाईलवर ती नीट वाचता येत नाही.