गडद, राळेचे परफ्यूम आणि पानगळीचे दिवस

या वेळच्या पत्रांना जवळपास एकच वास आहे. हवा गार झाली, पानं गळायला लागली की कपाटात मागे ढकललेल्या जड, काळसर परफ्यूमच्या बाटल्या सगळ्यांना एकदम आठवतात आणि मग प्रश्नही सुचतात. हे वास माझ्या फार जवळचे आहेत त्यामुळे पहिली दोन उत्तरं बरीच लांबलीत, ती तशीच ठेवलीयेत.

प्रश्न : ताई, भर उन्हाळ्यात मला बहिणीने एक परफ्यूम दिला, बॉक्सवर लोबान, बोळ, व्हॅनिला असं काहीतरी लिहिलेलं. दोन स्प्रे मारले आणि अक्षरशः गुदमरायला झालं, तासाभरात अंघोळ करून तो काढून टाकला. परवा गार वारा सुटला होता म्हणून सहज मनगटाला लावून बघितला तर इतका ऊबदार, जुन्या लाकडी पेटीसारखा वास की मी दिवसभर मनगटच हुंगतेय. बाटली तीच, मी पण तीच, मग झालं काय? आणि आतला रंग आधीपेक्षा गडद वाटतोय, खराब तर झाला नाही ना?

उत्तर : खराब झालेला दिसत नाही, आधी ती काळजी सोडा. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला त्याचा वास देणारा घटक, असलेला परफ्यूम दिवसेंदिवस तपकिरी होत जातोच, तो त्याचा स्वभाव आहे, नुसत्या रंगावरून काही ठरवू नका. लावल्या लावल्या व्हिनेगरसारखा आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा झणका आला आणि तो बराच वेळ गेलाच नाही तर मात्र समजायचं की बिघडलाय.

आता मूळ प्रश्न. वास म्हणजे शेवटी त्वचेवरून उडून नाकापर्यंत पोचणारे रेणू. लिंबूवर्गी वासांचे रेणू हलके, ते पंधरा-वीस मिनिटांत गायब होतात. तुमच्या बाटलीतले लोबान आणि बोळ म्हणजे राळ, झाडाचा वाळून घट्ट झालेला चीक, आणि राळेतले बरेचसे रेणू जड, ते सहजासहजी उडत नाहीत म्हणून तळाशी राहतात आणि दुसऱ्या दिवशी स्कार्फवरही सापडतात, परफ्यूमवाले ह्यालाच बेस म्हणतात. उन्हाळ्यात अंग आणि हवा दोन्ही तापलेली, त्यामुळे जे सहा-आठ तासांत हळूहळू उलगडायला हवं ते पहिल्या तासातच एकदम अंगावर येतं, त्यात घाम मिसळतो, आणि गोड जड वास गरम दमट हवेत कुठे हलतही नाही, तुमच्याभोवती तसाच बसून राहतो. तुम्ही गुदमरलात ते यामुळे, त्यात परफ्यूमचा दोष नव्हता आणि तुमच्या नाकाचाही नव्हता. गार हवेत तोच माल सावकाश निघतो, आधी जरा धूर, मग थोडा कडवटपणा, मग ती लाकडी पेटी, आणि अगदी शेवटी गोडवा. प्रत्येक पायरी वेगळी कळते. मला स्वतःला ही सावकाशीच या वासांची सगळ्यात मोठी गंमत वाटते आणि पानगळीची हवा त्यासाठी एकदम योग्य, कडाक्याच्या थंडीत तर वास इतका दबतो की मजा कमीच होते.

पण एक गोष्ट फार सांभाळा. गार हवेत बाहेर उभं राहिलं की वास कमी येतो, मग माणूस अजून एक स्प्रे मारतो, अजून एक मारतो, आणि मग एखाद्या गरम, बंद खोलीत जाऊन जॅकेट काढतो. त्या क्षणी इतका वेळ कपड्यांखाली अडकलेला सगळा वास एकदम सुटतो आणि अख्ख्या खोलीला कळतं कोण आलंय ते. म्हणून किती लावायचा ते घराबाहेरच्या वाऱ्यावर ठरवू नका, दिवसातल्या सगळ्यात गरम खोलीवर ठरवा. ओ द पार्फम असेल, म्हणजे साधारण 15 ते 20 टक्के सुगंधी अर्क असेल, तर एक स्प्रे छातीवर कपड्याखाली आणि वाटलंच तर एक मानेच्या मागे, बास. निघायच्या अर्धा तास आधी लावा म्हणजे सुरुवातीचा अल्कोहोलचा भपका घरातच निघून जाईल. या दिवसांत त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, त्यामुळे आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर ती सोडा, घासल्याने उष्णता होते आणि सुरुवातीचा नाजूक भाग लवकर उडून जातो.

प्रश्न : ताई मला हे शब्दच कळत नाहीत. अंबर, ऊद, लोबान, बेन्झॉइन, लॅबडेनम, मिर. हे सगळं एकच आहे का? आणि अंबर म्हणजे देवमाशापासून मिळतं ते ना? मग मी शाकाहारी आहे, मला चालेल का?

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, नावांनीच घोळ घातलाय. देवमाशाचं ते वेगळं, स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतं आणि समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागतं, त्याला इंग्रजीत अँबरग्रीस म्हणतात आणि आपल्या भाषेत तेच अंबर. दागिन्यांत जे पिवळं पारदर्शक अँबर असतं ती लाखो वर्षांपूर्वीची, दगड झालेली राळ. आणि परफ्यूमच्या बॉक्सवर अंबर किंवा अँबर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच नसतं. ती एक जुळणी आहे, मुख्यतः लॅबडेनम, बेन्झॉइन आणि व्हॅनिला यांची. त्यामुळे जुळणीतलं अंबर तुम्हाला चालायला हरकत नाही, फक्त अँबरग्रीस असं वेगळं लिहिलंय का ते बघा, आणि तेसुद्धा आता बहुतेक प्रयोगशाळेत बनवलेलंच वापरतात. शंका राहिली तर कंपनीला सरळ मेल करून विचारा, व्हीगन आहे का म्हणून, हा प्रश्न त्यांना रोजचा आहे.

ऊद तर दुहेरी घोळ. मराठीत आपण ज्याला ऊद म्हणतो ते बेन्झॉइन, स्टायरॅक्स नावाच्या झाडाची गोडसर, व्हॅनिलासारख्या वासाची राळ, सुमात्रा आणि लाओस-थायलंडकडून येते. आणि परफ्यूमवाले ज्याला ऊद म्हणतात ते अगरू. अगरूची झाडं वेगळी, अ‍ॅक्विलेरिया जातीची, त्यांना जखम होऊन बुरशी लागली की झाड प्रतिकार म्हणून आतल्या लाकडात काळी, सुगंधी राळ भरतं, निरोगी झाडाच्या लाकडाला तो वासच नसतो. या झाडांची इतकी तोड झालीये की आता त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराखाली नियंत्रित आहे. तेव्हा स्वस्तातल्या बाटलीवर ऊद लिहिलेलं दिसलं तर तो जवळपास नक्की प्रयोगशाळेतला वास, आणि त्यात वाईट काही नाही, उलट झाडं वाचतात.

लोबानचंही तसंच. अरबीत लुबान म्हणजे धुपाची ती पांढुरकी राळ, फ्रँकिन्सेन्स, ओमान, येमेन, सोमालियाकडच्या बॉसवेलिया झाडांच्या खोडावर चरे पाडून काढतात, चीक बाहेर येऊन खडे होईपर्यंत थांबावं लागतं. मग पूर्वेकडून बेन्झॉइन आलं तर अरब व्यापाऱ्यांनी त्यालाही लुबान जावी म्हणजे जावाचा लोबान असं नाव दिलं, त्या लुबान जावीचंच युरोपात घासून घासून बेन्झॉइन झालं. वास मात्र वेगवेगळे आहेत. फ्रँकिन्सेन्स कोरडा, लिंबासारखा, जरा मिरीसारखा झणझणीत, बेन्झॉइन मऊ आणि गोड. मिर म्हणजे आपला बोळ, हिराबोळ, तो कडवट, औषधी, थोडा मातकट.

लॅबडेनम मी शेवटी ठेवलं कारण माझा सगळ्यात जीव त्यावर आहे. भूमध्य समुद्राकाठी सिस्टस नावाची झुडपं असतात, कडक उन्हात पानांना एक चिकट राळ सुटते, पानातलं पाणी उडू नये म्हणून. शेळ्या त्या झुडपांत चरायला जायच्या आणि राळ त्यांच्या दाढीला, केसांना चिकटायची, मग ती विंचरून काढायची. ही पद्धत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवून ठेवलीये, आणि क्रीट बेटावर चामड्याच्या पट्ट्या लावलेलं दाताळं झुडपांवरून फिरवून अजूनही ती गोळा करतात. वास म्हणाल तर चामडं, मध, गरम दगड आणि किंचित जनावर. भर उन्हाळ्यात तापलेल्या झुडपावर तयार होणारी वस्तू आपल्याला गार दिवसात ऊब देते याचं मला दर वर्षी नव्यानं अप्रूप वाटतं.

प्रश्न : ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडमना माझ्या परफ्यूमनं डोकं दुखतं म्हणे. पण मला तर दुपारनंतर वासच येत नाही, उडून गेलेला असतो. त्या उगाच करतायत का?

उत्तर : नाही हो, त्या खरंच सांगतायत. तुम्हाला येत नाही कारण तुमचं नाक त्याला सरावलंय, सतत येणारा वास मेंदू बाजूला टाकतो, आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही तसं. शेजारच्यांचं नाक पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन येतं आणि परत ताजं होतं, त्यामुळे तुमचा परफ्यूम त्यांना दिवसभर नव्यानं येत राहतो. दुपारी परत मारायचा तर अजिबात नाही. ऑफिसच्या दिवशी पोटावर, कपड्याखाली एकच स्प्रे, आणि त्या मॅडमना आपणहून विचारा की आता ठीक आहे का. तरीही त्यांना त्रास होत असेल तर तो परफ्यूम संध्याकाळसाठी ठेवा. डोकेदुखी म्हणजे चेष्टा नाही आणि आपला आनंद दुसऱ्याच्या कपाळावर नको.

प्रश्न : पांढऱ्या लोकरीच्या स्कार्फवर स्प्रे केला, पिवळट-तपकिरी डाग पडलाय. जाईल का?

उत्तर : राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे नुसतं धुवून भागणार नाही. ड्रायक्लीनिंगला द्या आणि परफ्यूमचा डाग आहे हे आवर्जून सांगा, घरी चोळाचोळी केली तर लोकर आटेल. पूर्ण जाईलच असं मी सांगू शकत नाही. इथून पुढे फिकट कपड्यावर आणि रेशमावर नको, गडद लोकरीवर मात्र हे वास फार सुंदर बसतात, आतल्या बाजूला, हातभर अंतरावरून मारायचा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, मला असा गडद वास घ्यायचाय पण कुठून सुरुवात करू कळत नाही. मित्र म्हणतात गोड वास मुलींचे असतात. आणि एकदा टेस्टर लावला तर मानेवर लाल पुरळ आलं होतं.

उत्तर : अरे, पुरळाचं आधी. पुन्हा मानेवर लावू नकोस आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन ये, ते पॅच टेस्ट करतात, पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या लावून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात. त्यात पेरू बाल्सम नावाची एक राळ हमखास असते कारण तिची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, इतकी की कच्च्या स्वरूपात ती परफ्यूममध्ये वापरायला या धंद्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंदी आहे. (नाव पेरू पण झाड एल साल्वादोरचं, पूर्वी माल पेरूच्या बंदरातून युरोपात जायचा म्हणून हे नाव पडलं.) रिपोर्ट येईपर्यंत कागदाच्या पट्टीवरच वास घेत जा.

मुलामुलींचं म्हणशील तर राळ झाडाची असते, तिला तसलं काही नसतं. 1925 साली पॅरिसच्या प्रदर्शनात गेर्लां या फ्रेंच कंपनीचा शालिमार परफ्यूम गाजला, 1977 मध्ये ईव्ह सँ लोराँचा ओपियम आला, दोन्ही बायकांसाठी म्हणून विकले गेले आणि दोन्ही आज कितीतरी पुरुष आनंदानं लावतात. शालिमार एकदा कुठेतरी पट्टीवर हुंगून बघच, वरती झगझगीत, लिंबूवर्गी बर्गमॉट आणि खाली धुरकट व्हॅनिला, या सगळ्या घराण्याचा चेहरा त्यात दिसतो. या घराण्याला आधी ओरिएंटल म्हणायचे, आता बरेच जण अँबर म्हणतात, दुकानात दोन्ही शब्द ऐकू येतील. गोडवा नको असेल तर फ्रँकिन्सेन्स आणि देवदारवाला कोरडा परफ्यूम शोध, गोडवा आवडत असेल तर बेन्झॉइनवाला. एका दिवसात तीनपेक्षा जास्त हुंगू नकोस, नाक थकतं. आणि पट्टी खिशात टाकून घरी ने, रात्री परत हुंग, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. पहिल्या पाच मिनिटांतला वास आवडून विकत घेतलेले जड परफ्यूमच कपाटात पडून राहतात, कारण पुढचे आठ तास वेगळेच निघतात. दुसऱ्या दिवशीचा वास आवडला तरच घे, तोही आधी छोटी कुपी, 2 मिलीची, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

प्रश्न : थंडी संपली की ही बाटली कुठे ठेवू? बाथरूमच्या शेल्फवर छान दिसते.

उत्तर : बाथरूममध्ये नको, तिथे रोज वाफ आणि रोज गरम-गार. खिडकीतही नको. तिच्या मूळ खोक्यात, झाकण घट्ट लावून, उभी, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा, पुढची पानं गळेपर्यंत.