जुने लॅपटॉप भंगारात देण्याआधी

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पर्वरीच्या ऑफिसात 340 जुने लॅपटॉप आणि मॉनिटर साठलेत, भंगारवाला किलोवर रोख द्यायला तयार आहे, आणि क्लायंटचा ऑडिटर विल्हेवाटीचं प्रमाणपत्र मागतोय. नोंदणी करावी लागेल का, आणि भंगारवाल्याला दिलं तर काय बिघडेल, असे दोन प्रश्न.

नोंदणी बहुधा नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 2022 च्या ई-कचरा नियमांत सरकारी पोर्टलवर नोंदणी चौघांनाच आहे: निर्माता (उपकरण बनवणारा), उत्पादक (ते आपल्या नावाने किंवा आयात करून विकणारा), दुरुस्ती करून परत वापरात आणणारा आणि रिसायकलर. नुसता संगणक वापरणारी सॉफ्टवेअर कंपनी यात बसत नाही. पण तुम्ही स्वतःच्या नावाने राउटर किंवा एखादं यंत्र विकत असाल, किंवा आयात करून विकत असाल, तर तुम्ही उत्पादक ठरता. मग ती सगळी वेगळीच कथा. उद्दिष्टं, प्रमाणपत्रं, विवरणपत्रं, सगळं मागे लागतं.

तुम्हाला बघायचाय तो 'मोठा ग्राहक' हा शब्द. वर्षात कधीही एका वेळी किमान 1000 उपकरणं वापरात असली की तुम्ही त्यात येता. 340 तर फक्त जुनी झाली. चालू लॅपटॉप, प्रिंटर, यूपीएस, फोन, एसी, पँट्रीतला फ्रिज, सगळं मोजा. आयटीवाल्यांची यादी घेऊन मोजलं की आकडा हमखास कमी येतो, कारण एसी आणि फ्रिज ॲडमिनच्या रजिस्टरात असतात. नियमात 'वापरलेली' असा शब्द आहे, त्यामुळे भाड्याचे लॅपटॉपही मी धरतो. आकडा 1000 किंवा त्याच्या वर गेला तर बंधन एकच, पण पक्कं: ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीवाला किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यायचा. 2016 च्या नियमातले जुने फॉर्म अजूनही कुणीतरी भरायला सांगतं. ते नियम आता गेले.

आता भंगारवाला. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी स्टोअर रिकामं करायच्या घाईत आम्ही साठेक सीपीयू एका पिकअपमध्ये चढवून दिले. कागद म्हणाल तर वहीचं फाडलेलं पान: 'जुना माल मिळाला', खाली रक्कम. दोनेक महिन्यांनी आमचा ड्रायव्हर टायर बघायला एका भंगारअड्ड्यावर गेला आणि तिथून त्याने मला फोटो पाठवला. पावसात गंजलेलं कॅबिनेट, आणि त्यावर आमच्या कंपनीचा पिवळा मालमत्ता-क्रमांक. आत बोर्ड नाही, हार्ड डिस्क नाही. त्या डिस्क कुठे गेल्या ते आजवर कळलेलं नाही. नशीब, ती अकाउंट्सची मशीन्स नव्हती.

म्हणून म्हणतो, ऑडिटरला खरी भीती डेटाची असते. डिस्क फॉरमॅट केली म्हणजे पुसली असं होत नाही. आणि एसएसडीवर (नव्या लॅपटॉपमधली चिपवाली डिस्क) चुंबक फिरवून काहीच उपयोग नाही, ती नीट पुसण्याच्या सॉफ्टवेअरने पुसावी लागते किंवा सरळ चिरडावी लागते. रिसायकलरला आपल्या गेटवरच, आपल्यासमोर डिस्क चिरडून द्यायला सांगा. त्याचे वेगळे पैसे मागतील, ते द्या.

रिसायकलर निवडताना त्याने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर त्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते स्वतः बघा, आणि शंका असेल तर साळगावला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारा. मधले एजंट बरेच भेटतील. 'आमच्याकडे परवानगी आहे' म्हणून जे पत्र दाखवतात ते कधी दुसऱ्याच कंपनीचं असतं, तर कधी मुदत संपलेलं. एजंट चालेल, पण बिल आणि प्रमाणपत्र नोंदणीकृत रिसायकलरच्याच नावाचं हवं. भाव भंगारवाल्यापेक्षा कमी मिळेल, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

बॅटऱ्यांना 2022 चेच पण वेगळे नियम आहेत. यूपीएसच्या लेड बॅटऱ्या डीलर बदलीत घेतो, त्या यात मिसळू नका. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दिसली तर ती बाजूला, टोकांना टेप लावून, कोरड्या जागी ठेवा. स्टोअरमध्ये गळणाऱ्या छपराखाली तर मुळीच नको.

आणि युनिट एसटीपीआयचं (केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतलं) असेल, सामान ड्युटी न भरता आणलेलं असेल, तर आधी कस्टम्सची परवानगी. ती मिळेपर्यंत एक वायरसुद्धा गेटबाहेर काढू नका.

सुरुवात उद्याच करा, ती यादीने. मॉडेल, सिरियल नंबर, मालमत्ता-क्रमांक, डिस्क पुसल्याची तारीख. काट्याची पावती, गेटपास आणि प्रमाणपत्रातले आकडे याच यादीशी जुळले पाहिजेत. यादी पूर्ण होईपर्यंत मालमत्ता-क्रमांकाचे स्टिकर काढायचे नाहीत. आणि शेवटचा लॅपटॉप टेंपोत चढवताना मात्र एकही स्टिकर शिल्लक ठेवायचा नाही.