वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या कॉलेजची मुलाखत कितपत मोलाची?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने अमेरिकेतल्या काही कॉलेजांना अर्ज केलेत. त्यातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याचा ‘ऑनलाइन भेटू या’ असा ईमेल आलाय. इथले काउन्सेलर म्हणतात, सगळं मुलाखतीवरच ठरतं, तयारीच्या क्लासचे पंचवीस हजार भरा. मुलगी अबोल आहे, इंग्रजी बोलताना अडखळते. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, पंचवीस हजार भरू नका. मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या जुन्या कॉलेजसाठी बरीच वर्षं अशा मुलाखती घेत आलेय. मुलांमध्ये आपल्याकडचीही असतात.

सगळं मुलाखतीवर ठरत नाही. आधी बघतात ते नववीपासूनचे मार्क, निबंध आणि शिक्षकांची पत्रं. मुलाखतीचं वजन कॉलेजागणिक बदलतं. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, पदवीच्या प्रवेशासाठी सहसा मुलाखत घेतच नाही. ब्राउन विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंद करून छोटा व्हिडिओ मागवायला सुरुवात केली. जॉर्जटाउन विद्यापीठ मात्र मुलाखतीला फार मानतं. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यात सी-७ या कलमात मुलाखत ‘महत्त्वाची’ धरतात, ‘विचारात घेतात’ की ‘घेत नाहीत’, हे छापलेलं असतं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं हे कलम लेकीबरोबर बसून बघा. आणि एखाद्या कॉलेजकडून बोलावणं आलं नाही तर घाबरू नका. बरेचदा त्या भागात वेळ देणारं कुणी नसतं, म्हणून येत नाही.

पण म्हणून मुलाखत बिनमोलाची नाही. बाकी सगळा अर्ज कागदाचा, आणि त्या कागदावरून किती जणांचा हात फिरलेला असतो! आमच्यासारख्यांना सहसा मार्कही दाखवत नाहीत, निबंधही नाही. आम्ही त्या मुलाशी तास-पाऊण तास बोलतो आणि जे दिसलं ते लिहून पाठवतो. ‘हुशार आहे, मेहनती आहे’ असं लिहून उपयोग नसतो, तसं सगळ्यांबद्दलच लिहिता येतं. कोल्हापूरकडची एक मुलगी सुरुवातीला लीडरशिप, टीमवर्क असं पाठ केलेलं बोलत होती. मी विचारलं, घरी काय करतात? म्हणाली, गुऱ्हाळ आहे. मग तिला सांगावंसं वाटू लागलं. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी कशी वर येते, पाक झाला की नाही हे बघायला गुळव्या काहिलीतला थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी कशी वळतो, आणि तिने थर्मामीटर लावून त्याचा अंदाज पडताळायला घेतला तेव्हा तो कसा रागावला. व्याकरण चुकत होतं, मध्येच मराठी शब्द येत होते. पण ती कशी बघते, कशी विचार करते, हे मला लख्ख दिसलं. माझा अहवाल त्या थर्मामीटरवरच होता. असं वाक्य मार्कांच्या कागदात येत नाही.

समोरासमोर भेटण्याने काय फरक पडतो, याचा एक दाखला हार्वर्डच्या प्रवेशांवर चाललेल्या खटल्यात आहे. त्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2023 साली लागला. आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण देताना प्रवेश कचेरीतले लोक, जे बहुतेकांना कधी भेटलेलेच नव्हते, हात आखडता घेत होते, असं वादींचं म्हणणं होतं. प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र त्यांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीने गुण दिल्याचंही त्यांनी मांडलं होतं. आपल्या मुलांच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

तेव्हा अबोल आहे याची काळजी सोडा. क्लासमध्ये घोटून घेतलेली उत्तरं दुसऱ्या मिनिटाला कळतात. त्यापेक्षा तिला एखाद्या मावशीशी किंवा ओळखीच्या सरांशी, ज्यांना तिचा विषय येत नाही अशा कुणाशी, आपण काय करतो ते इंग्रजीत सांगू दे. अडखळली तर थांबून पुन्हा म्हणावं, त्याने काही बिघडत नाही. त्या कॉलेजबद्दल तिला खरोखर जाणून घ्यायचे असतील असे दोन-तीन प्रश्न काढून ठेवावेत. वेबसाइटवर उत्तर मिळेल ते विचारू नये. मुलाखतीच्या वेळी तुम्ही त्या खोलीत बसू नका. कॅमेऱ्यामागून खुणा करणारे आईवडील मुलाच्या डोळ्यांतून दिसतात.

काउन्सेलर कदाचित व्हिसाच्या मुलाखतीची भीती घालत असतील. ती वेगळी, प्रवेश मिळाल्यानंतर वकिलातीत होते, काही मिनिटांत आटोपते. तिचा याच्याशी संबंध नाही.

आता त्या ईमेलला आजच उत्तर जाऊ द्या. वेळ देताना भारतातली की अमेरिकेतली ते स्पष्ट लिहावं. आणि उत्तर तिने स्वतः लिहावं, स्वतःच्या ईमेलवरून.